पुडीतलं औषध आणि पट्टीवरचे ठिपके

भांडी घासायची राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ. आज बोलताना माझ्यासमोर तीन वस्तू आहेत: एक पांढरा खडू, मुलाच्या दप्तरातला काळा स्केचपेन आणि बरणीचं एक झाकण. तुमच्या घरातही हे सगळं असेल. जवळ घेऊन बसा, म्हणजे मी सांगते ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

खडूच्या खालच्या टोकापासून बोटाच्या एका पेराएवढ्या उंचीवर काळ्या स्केचपेननं चारही बाजूंनी एक बारीक रेघ काढा. झाकणात अगदी थोडं पाणी घ्या. पाणी रेघेच्या खाली राहिलं पाहिजे, रेघ पाण्यात बुडता कामा नये. आता खडू त्यात उभा करा आणि हात लावू नका. माझं बोलणं होईपर्यंत तो आपलं काम करेल.

आजचा विषय औषधांचा आहे. गोळीत किंवा पुडीत खरोखर काय आहे, हे ओळखायची एक साधी पद्धत प्रयोगशाळेत असते. तिला थिन लेयर क्रोमॅटोग्राफी म्हणतात. नाव मोठं आहे, घाबरू नका. मी बी.ए. झालेली बाई, विज्ञान दहावीनंतर सुटलं. मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल. ते मला का समजून घ्यावं लागलं, ते आधी सांगते. त्यात माझीच चूक आहे, ती लपवणार नाही.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. जन्म सगळा खुरपणीत गेला. उकिडवं बसून बसून दोन्ही गुडघे गेले. रात्री कण्हायच्या. आमच्या आठवडी बाजारात एक माणूस सांधेदुखीची पुडी विकायचा. तपकिरी चूर्ण, कागदात बांधलेलं, वर काही छापलेलं नाही. शुद्ध जडीबुटी, साइड इफेक्ट नाही, असं तो सांगायचा. पहिली पुडी मीच आणली. तिसऱ्या दिवशी आत्या काठी न घेता ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "पोरी, देवानं पाठवला गं हा माणूस." मला इतका आनंद झाला की मी गटाच्या बैठकीत ते सांगितलं. आमच्या गटातल्या तिघींनी माझ्या शब्दावर ती पुडी सुरू केली.

सात-आठ महिने गेले. आत्यांचा चेहरा गोल झाला, गाल भरून आले. सगळे म्हणायचे, तब्येत सुधारली. भूक वाढली होती. हाताला जरा काही लागलं की काळानिळा डाग पडायचा, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दिवाळीला माझी भाची आली, नणंदेची मुलगी. ती बी.फार्मसीला आहे. तिनं आजीचा चेहरा बघितला आणि मला आत बोलावून विचारलं, "मामी, आजीला कसलं औषध चालू आहे?" मी पुडी दाखवली. ती म्हणाली, "मला यात स्टेरॉईड असल्याचा संशय येतोय. पुडी घेऊन आजीला डॉक्टरांकडे ने, उद्याच ने."

मी काय केलं? मला इतकी भीती वाटली आणि इतका राग आला, की दोन पुड्या भाचीकडे देऊन बाकीच्या सगळ्या त्याच संध्याकाळी चुलीत टाकल्या. डॉक्टरकडे कापसाची वेचणी झाल्यावर जाऊ म्हटलं. विष बंद केलं, आता भीती कसली, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी आत्यांना उलट्या सुरू झाल्या. उठायला गेल्या तर चक्कर. अंग गार, बोलणं अडखळत. शेजारच्यांची जीप काढून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाहेरचं काही औषध घेत होत्या का?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. ते असं एकदम बंद करायचं नसतं."

मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट ऐका. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक लहान ग्रंथी असते. शरीराला लागणारं एक प्रकारचं स्टेरॉईड ती स्वतः तयार करते. ते बाहेरून रोज आयतं मिळायला लागलं की ग्रंथी आपलं काम कमी करते. नळाला रोज पाणी यायला लागलं की घरचा आड कुणी उपसत नाही आणि तो गाळानं भरतो, तसंच. मग एका दिवशी नळ बंद केला तर घरात पाण्याचा थेंब नसतो. आत्यांचं तेच झालं होतं. त्यांना सलाईन आणि स्टेरॉईडचंच इंजेक्शन द्यावं लागलं. नंतर काही महिने डॉक्टरांनी गोळीचा डोस थोडा थोडा कमी करत नेला. आत्या आज बऱ्या आहेत, काठी घेऊन चालतात. पण ते तीन दिवस मी विसरणार नाही. पुडी आणणारी मी आणि एकदम तोडणारीही मीच.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे त्या तिघी मैत्रिणींच्या दारात गेले. "माझं चुकलं. पुडी मनानं बंद करू नका, पुडी घेऊन माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला," म्हटलं. दोघी लगेच आल्या. तिसरी म्हणाली, "कशावरून त्यात औषध मिसळलंय? मला तर गुण आलाय." तिचा प्रश्न बरोबर होता. नुसत्या संशयावर तिनं का ऐकावं?

याचं उत्तर भाचीच्या कॉलेजात मिळालं. तिच्या मॅडम ती पुडी तपासायला तयार झाल्या. भाचीनं मला फोन केला, "मामी, शनिवारी ये, तुझ्या डोळ्यांनी बघ." त्या तिसऱ्या मैत्रिणीलाही मी सोबत नेलं.

मॅडमनी आधी आम्हाला मुलींच्या सरावाची पट्टी दाखवली. काचेची लहान पट्टी, तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. ती भुकटी सिलिका जेलची. नव्या चपलेच्या किंवा पर्सच्या खोक्यात "खाऊ नका" लिहिलेली छोटी पुडी निघते ना, त्यातले दाणे असतात तेच हे, अगदी बारीक दळलेलं. पट्टीच्या तळाशी पेन्सिलनं हलकी रेघ. पेननं का नाही, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पेनची शाई द्रवाबरोबर वर पळेल. पेन्सिलचं शिसं जागचं हलत नाही."

त्या रेघेवर चार औषधांचे चार बारीक ठिपके ठेवले होते: पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि कॅफिन. कॅफिन म्हणजे चहा-कॉफीतलं, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते असतं. सगळे ठिपके एका ओळीत, टिकलीपेक्षाही लहान. मग झाकणाच्या काचेच्या भांड्यात तळाला थोडासा द्रव घेऊन त्यात पट्टी उभी केली. तो द्रव म्हणजे इथाइल ॲसिटेट, त्यात किंचित ॲसेटिक ॲसिड, व्हिनेगरमध्ये असतं तेच. द्रव ठिपक्यांच्या खाली. आपला खडू ठेवला तसाच. दिव्याच्या वातीत तेल चढतं, तसा द्रव भुकटीतून वर चढायला लागला आणि ठिपक्यांना सोबत घेऊन निघाला.

पण सगळे ठिपके सारखे चढत नाहीत. सगळी गंमत इथंच आहे.

समजा, आपण चौघी आठवडी बाजाराला निघालो. एस.टी.तून एकदम उतरलो. गर्दीचा लोंढा पुढे चाललाय, त्यात चौघी चालू लागलो. एक जण बांगडीवाल्याकडे थांबते, मग भांड्यांच्या दुकानात, मग लुगड्यांत. दुसरी एखाद्याच ठिकाणी थांबते. तिसरी कुठंच बघत नाही, सरळ चालते. तासाभरानं शिट्टी वाजवून सगळ्यांना "आहात तिथं थांबा" म्हटलं, तर कोण कुठं असेल? जिला दुकानांची ओढ जास्त ती मागे, जिला लोंढ्याची ओढ जास्त ती पुढे. पट्टीवर सिलिका म्हणजे दुकानं आणि द्रव म्हणजे लोंढा. प्रत्येक औषधाच्या कणाची घडण वेगळी, म्हणून त्याची सिलिकाला चिकटायची सवयही वेगळी.

त्या पट्टीवर कॅफिन सर्वांत मागे, तळाजवळच राहिलं. त्याच्या वर पॅरासिटामॉल, त्याच्या वर ॲस्पिरिन. आयबुप्रोफेन सर्वांत पुढे. आयबुप्रोफेनच्या कणाचा बराचसा भाग तेलकट स्वभावाचा, त्यामुळे सिलिका त्याला फारसं धरत नाही. ॲसिडचे ते थेंब कशाला, हेही विचारून घेतलं. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन स्वतः आम्ल आहेत. द्रवात आम्ल नसेल तर त्यांचा गोल ठिपका न राहता शेपटी ओढल्यासारखा लांब डाग होतो, मग उंची मोजायची कुठून?

द्रव वरच्या टोकाला पोचायच्या आधी पट्टी बाहेर काढायची आणि द्रव कुठपर्यंत आला तिथं लगेच पेन्सिलनं खूण करायची, नाहीतर तो उडून जातो. मग साधा हिशोब. समजा, द्रव ८ सेंटिमीटर चढला आणि ठिपका ३.२ सेंटिमीटर. ३.२ भागिले ८, उत्तर आलं ०.४. म्हणजे द्रव रुपयाभर चालला तर ठिपका चाळीस पैसे चालला. या आकड्याला आर.एफ. म्हणतात. नुसते सेंटिमीटर सांगून भागत नाही, कारण आज द्रव ८ चढला, उद्या ६ चढेल. रुपयातले किती पैसे, हेच विचारायचं.

आणि द्रव बदलला, भुकटी बदलली, हवेत दमटपणा आला, तर आकडाही बदलतो. म्हणून कागदावरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. ओळखीचं शुद्ध औषध आणि आपल्याला शंका आहे ते औषध, दोन्ही एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चालवायची. तुलना करायची ती शेजारणीशी.

तुम्ही म्हणाल, औषधं तर पांढरी, पांढऱ्या पट्टीवर दिसणार कशी? मलाही पट्टी कोरीच दिसली. मग मॅडमनी अंधार करून अतिनील किरणांचा दिवा लावला. सिलिकात एक चमकणारा पदार्थ मिसळलेला असतो. सगळी पट्टी हिरवी उजळली आणि जिथं औषध होतं तिथं काळे ठिपके दिसले. जो ठिपका दिव्यात फिका पडतो, तो आयोडीनच्या वाफेत पट्टी ठेवली की तपकिरी उमटतो.

आता आमची पुडी. पट्टीच्या एका कडेला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, दुसऱ्या कडेला डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड आणि मधे आमच्या पुडीचा अर्क. दिवा लावला. पुडीच्या रांगेत तळाला वनस्पतींचा धुरकट डाग होता. म्हणजे जडीबुटी होती, तेवढं खोटं नव्हतं. पण त्याच्या वर दोन स्वच्छ काळे ठिपके होते, एक डायक्लोफेनॅकच्या बरोबरीनं, दुसरा डेक्सामेथासोनच्या बरोबरीनं. माझ्या मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला.

मॅडम मात्र लगेच निकाल देणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, "दोन बायका एकाच दुकानापाशी सापडल्या म्हणून त्या एकच होत नाहीत." मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. शुद्ध औषध आणि पुडीचा अर्क एकाच ठिपक्यावर एकावर एक ठेवून चालवला. वेगळे असते तर ते फाकायची शक्यता होती, ते एकच राहिले. मग वेगळाच द्रव घेऊन सगळं पुन्हा केलं. तिथंही जोड्या जमल्या. तरी त्या म्हणाल्या, "आपला संशय पक्का झाला. पण किती आहे आणि कायद्यानं टिकेल असा पुरावा, हे सरकारी प्रयोगशाळा मोठ्या यंत्रांवर ठरवते." त्याच आठवड्यात माझी मैत्रीण डॉक्टरांकडे आली.

ही पद्धत कुठून आली? रशियातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून हिरव्या पानांचा रस त्यातून सोडला. हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. १९०६ साली त्यांनी याला क्रोमॅटोग्राफी म्हटलं. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग. १९३८ साली खार्किवमध्ये निकोलाय इझ्माइलोव्ह आणि मारिया श्रायबर या संशोधक बाईंनी नळी सोडून काचेवर पातळ थर दिला, तोही वनौषधींचे अर्क तपासायलाच. पुढं जर्मनीचे एगॉन श्टाल यांनी १९५० च्या दशकात पद्धत नीट बसवून दिली. आज जर्मनीतल्या ग्लोबल फार्मा हेल्थ फंडची 'मिनिलॅब' नावाची पेटी आफ्रिका-आशियातल्या अनेक देशांत खोटी औषधं हुडकायला वापरतात, त्यात मुख्य काम याच पट्टीचं असतं.

पट्टीनं माझा आणखी एक गैरसमज काढला. जेनेरिक गोळी स्वस्त, म्हणजे कमअस्सल, असं मला वाटायचं. मॅडम म्हणाल्या, महागडी गोळी घ्या नाहीतर जनऔषधी केंद्रातली, आत पॅरासिटामॉल असेल तर ठिपका त्याच उंचीवर जातो. पट्टीला वेष्टन दिसत नाही. गोळी पोटात नीट विरघळते का, मात्रा नेमकी आहे का, या तपासण्या वेगळ्या असतात, पण औषध तेच. यातून दुसराही धडा आहे. तापाची एक गोळी, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी, नावं तीन, पण तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. निरोगी मोठ्या माणसानं २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर ते जाऊ द्यायचं नाही, नाहीतर यकृतावर बेततं. दारू पिणाऱ्याला किंवा यकृताचा आजार असणाऱ्याला तर त्याहून कमी. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव वाचून झालं की खालची बारीक अक्षरं वाचा. चष्मा नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

आता थोडक्यात, गटाच्या वहीत लिहून घ्यावं असं.

एक, ज्या पुडीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नाही, ती घ्यायची नाही. आयुर्वेदिक औषधालाही परवाना क्रमांक लागतो.

दोन, सांधेदुखी दोन-तीन दिवसांत जादूसारखी थांबली तर खूश होण्याआधी शंका घ्या. चेहरा सुजणं, साखर किंवा बीपी वाढणं, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौचास होणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा.

तीन, अशी पुडी चालू असेल तर ती मनानं एकदम तोडू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काहीही लपवू नका. माझ्यासारखी चूक करू नका.

चार, बिल घ्या. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, आपण विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क कुणालाही आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. आमच्याकडे बिल नव्हतं, पुडीवर नाव नव्हतं. तो माणूस पुढच्या बाजारी आलाच नाही. तक्रार कुणाच्या नावानं लिहायची, हे आम्हाला सांगता येईना.

पाच, औषधांचा हा प्रयोग घरी करू नका. ते द्रव पेट घेतात, त्यांची वाफ वाईट, आणि दिव्याशिवाय काही दिसत नाही. खडूचा मात्र जरूर करा.

आता खडूकडे बघा. पाणी वर चढलं असेल आणि काळ्या रेघेतून निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे सुटे झाले असतील. कंपनीप्रमाणे रंग थोडे वेगळे येतील. आपण ज्याला एक काळा रंग समजत होतो, तो तीन-चार रंगांचा होता. आमच्या गटाच्या बैठकीत हा खडू मी सगळ्यांसमोर ठेवला तेव्हा आत्याही आल्या होत्या. त्यांनी बराच वेळ खडू हातात धरून फिरवून बघितला. मग मला म्हणाल्या, "त्या पुडीचं असं आधी केलं असतंस तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज तुमच्याशी बोलले. पुढच्या बैठकीत अजेंड्यावर एक ओळ घाला: कुणाच्या घरी बिनानावाची पुडी चालू आहे का? कुणाला ओशाळं वाटू देऊ नका. मी स्वतः आणली होती, असं माझं नाव सांगा. नमस्कार.